मोसमाचा पहिला सामना आणि समोर ऑप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतील विद्यापीठांच्या गावांत कॉलेज फुटबॉलखेरीज दुसरा विषय राहत नाही, आणि तिथे शिकणारी किंवा नोकरी करणारी अनेक मराठी मंडळी एव्हाना त्या गर्दीचा भाग झालेली असतात. मोसमाचा पहिलाच सामना ऑप्शन पद्धतीने खेळणाऱ्या संघाशी असला, तर जुन्याजाणत्या चाहत्यांच्या बोलण्यातही एक वेगळी धास्ती डोकावते. ती धास्ती माझ्या मते रास्त आहे. अशा सामन्यात ताकदीपेक्षा शिस्त अधिक मोलाची ठरते, आणि ऑगस्टच्या अखेरीस बहुतेक संघांकडे नेमकी तीच कमी असते. हा धागा पुढील बहुतेक उत्तरांत आढळेल.

ऑप्शन म्हणजे नेमके काय?

आक्रमणाच्या इतर बहुतेक पद्धतींत चेंडू घेऊन कोण पळणार हे खेळी सुरू होण्याआधीच ठरलेले असते. तिहेरी ऑप्शनमध्ये ते ठरलेले नसते. बचावफळीतील दोन खेळाडूंना मुद्दाम कोणीही अडवत नाही, आणि ते दोघे काय करतात हे पाहून क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू, आपला निर्णय घेतो.

एक खेळी संथ गतीने डोळ्यांसमोर आणावी. क्वार्टरबॅक चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या लगेच मागे उभा आहे, त्याच्या काही यार्ड मागे दणकट बांध्याचा धावपटू, म्हणजे बी-बॅक, ओणवा बसला आहे, आणि आघाडीच्या रांगेच्या दोन्ही टोकांना, किंचित मागे, एकेक चपळ धावपटू, म्हणजे ए-बॅक, आहे. चेंडू हातात येताच क्वार्टरबॅक तो बी-बॅकच्या पोटाशी धरतो आणि त्याच क्षणी त्याची नजर न अडवलेल्या पहिल्या बचावपटूवर असते. तो बचावपटू बाहेरच राहिला तर चेंडू बी-बॅककडे सोडून दिला जातो आणि धाव थेट मधून होते. तो आत, बी-बॅकवर, झेपावला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि स्वतः बाहेरच्या बाजूला वळतो. तिथे न अडवलेला दुसरा बचावपटू भेटतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर चेंडू बाहेरून पळत येणाऱ्या ए-बॅककडे फेकला जातो, आणि तो मागे सरला तर क्वार्टरबॅक स्वतःच पुढे घुसतो. हे सारे साधारण दोन-तीन सेकंदांत उरकते.

खरी मेख हिशेबात आहे. दोन बचावपटूंना अडवावे लागत नसल्यामुळे आक्रमणाचे दोन खेळाडू मोकळे राहतात आणि ते थेट मागच्या बचावपटूंवर, म्हणजे लाइनबॅकर किंवा सेफ्टीवर, चालून जातात. जे दोन बचावपटू मोकळे सोडलेले असतात, त्यांनी काहीही केले तरी निवड चुकलेलीच निघावी अशी ही रचना आहे.

ही पद्धत कुठून आली?

१९६०च्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल योमन यांनी वीअर या नावाने तिचे एक रूप रुजवले. १९६८मध्ये टेक्सास विद्यापीठात एमरी बेलार्ड यांनी तीन धावपटूंची विशबोन रचना उभी केली. विशबोनचे पदार्पणही मोसमाच्या पहिल्याच सामन्यात झाले, तेही योमन यांच्या ह्यूस्टनविरुद्ध, आणि तो सामना २०-२० असा बरोबरीत सुटला. पुढच्या सामन्यात टेक्सास हरले आणि त्यानंतर त्यांनी सलग ३० सामने जिंकले. आज दिसणारी, वर वर्णन केलेली एक बी-बॅक आणि दोन ए-बॅकची फ्लेक्सबोन रचना लोकप्रिय करण्याचे मोठे श्रेय पॉल जॉन्सन यांना जाते. जॉर्जिया सदर्न, नेव्ही आणि जॉर्जिया टेक या तिन्ही ठिकाणी त्यांनी याच पद्धतीवर संघ उभे केले.

लष्करी अकादम्या हीच पद्धत का धरून राहिल्या?

आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या संघांचे खेळाडू पदवीनंतर सैन्यात सेवा देतात, त्यामुळे व्यावसायिक फुटबॉलवर डोळा ठेवून असलेले सव्वाशे-दीडशे किलोंचे तरुण त्यांच्याकडे फारसे वळत नाहीत. शारीरिक तंदुरुस्तीचे लष्करी निकषही पाळावे लागतात. हलक्या पण चपळ आणि आज्ञाधारक खेळाडूंना बलाढ्य संघासमोर उभे करायचे असेल, तर समोरच्या प्रत्येकाला अडवावे लागू नये अशी पद्धत हवी. ऑप्शन ती गरज भागवते. नेव्हीचा क्वार्टरबॅक कीनन रेनॉल्ड्स याने २०१२ ते २०१५ या काळात धावून ८८ टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अखेरच्या रेषेपलीकडे नेणे), तर आर्मीचा ब्रायसन डेली याने २०२४च्या एकाच मोसमात ३२. ही पद्धत कालबाह्य झाली असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

पहिल्याच सामन्यात अशा संघाशी गाठ पडणे चांगले की वाईट?

चाहत्यांमध्ये यावर दोन तट असतात आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

चांगले म्हणणाऱ्यांचा मुद्दा तयारीच्या वेळेचा असतो. मोसमाच्या मध्यात ऑप्शन संघ समोर आला तर जेमतेम तीन-चार सराव मिळतात, आणि तेवढ्यात बचावफळीला आपल्या नेहमीच्या सवयी बाजूला ठेवून नवे नियम अंगी बाणवावे लागतात. सामना पहिलाच असेल तर वसंतातील सरावापासून संपूर्ण ऑगस्टपर्यंत थोडाथोडा वेळ देता येतो. शिवाय खेळाडू ताजेतवाने असतात आणि दुखापतींची यादी छोटी असते. नोटर डेमने डब्लिनमध्ये नेव्हीविरुद्ध दोनदा मोसमाची सुरुवात केली: २०१२मध्ये ५०-१० आणि २०२३मध्ये ४२-३ असे मोठे विजय त्यांनी मिळवले. मात्र नोटर डेम १९२७पासून, २०२०चा अपवाद वगळता, दरवर्षी नेव्हीशी खेळत आले आहे. ऑप्शनला कसे तोंड द्यायचे याचे ज्ञान तिथे मुरलेले आहे, आणि ते इतरांकडे असेलच असे नाही.

वाईट म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. पहिल्या सामन्यात कोणत्याही संघाचे टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणे, कच्चे असते, नवे खेळाडू बावरलेले असतात, आणि ऑप्शन नेमके याच उणिवांवर बोट ठेवते. समोरचा संघ या वर्षी काय नवे घेऊन येणार याची एकही चित्रफीत उपलब्ध नसते. २०१७मध्ये अटलांटात टेनेसीने जॉर्जिया टेकविरुद्ध मोसम सुरू केला, तेव्हा टाक्वॉन मार्शल क्वार्टरबॅक म्हणून प्रथमच सुरुवातीपासून मैदानात उतरला होता. त्याने २४९ यार्ड धाव घेतली आणि पाच टचडाउन केले. टेनेसी तो सामना दुसऱ्या जादा डावात ४२-४१ असा कसाबसा जिंकले, तेही टचडाउननंतरच्या दोन गुणांच्या प्रयत्नात मार्शलला शेवटच्या क्षणी रोखले म्हणून.

पहिला सामना ऑप्शन संघालाही जड जात नाही का?

जातो, आणि हे फार कमी वेळा बोलले जाते. चेंडू सोडायचा की काढून घ्यायचा, यातला ताळमेळ हजारो आवर्तनांनी येतो, आणि तो जमला नसेल तर चेंडू निसटून जमिनीवर पडतो. अडवण्याचा आणि टॅकलचा कसही प्रत्यक्ष अंगावर येणाऱ्या सरावानेच टिकतो. २०२०मध्ये साथीच्या काळात नेव्हीने खबरदारी म्हणून प्रत्यक्ष टॅकलचा सराव टाळला, आणि पहिल्याच सामन्यात बीवाययूने (ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने) त्यांना ५५-३ असे धुतले. २०१९मध्ये ११ विजय मिळवलेला संघ तो हाच. २०२५मध्ये आर्मीची सुरुवातही टार्लटन स्टेटकडून जादा डावांत ३०-२७ अशा पराभवाने झाली, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच आर्मीने कॅन्सस स्टेटला त्यांच्या मैदानावर २४-२१ असे हरवले. म्हणून तुमच्या संघाचे प्रशिक्षक धास्तावलेले असले, तरी समोरच्या बाकावरही झोप उडालेली असते हे विसरू नये.

ऑगस्टच्या सरावात बचावफळी नेमके काय करते?

सर्वप्रथम प्रत्येकाला एकच काम वाटून दिले जाते. बी-बॅकला कोण पाडणार, क्वार्टरबॅकवर कोण जाणार, बाहेर फेकलेल्या चेंडूकडे कोण धावणार हे प्रत्येक खेळीत आधीच निश्चित असते. बी-बॅक ज्याच्या वाट्याला आला आहे त्याने चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, त्याला पाडायचेच असते. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु बचावपटूला लहानपणापासून चेंडूमागे धावायला शिकवलेले असते आणि इथे त्याला चेंडू विसरायला सांगितले जाते. चेंडू दुसरीकडे चालला आहे हे दिसत असूनही आपली जागा न सोडणे ही या सामन्यातील सर्वांत अवघड गोष्ट आहे.

यासाठी अनेक प्रशिक्षक चेंडूविनाच सराव घेतात. राखीव खेळाडूंचा संघ ऑप्शनची खेळी पूर्ण वेगाने पळतो, पण कोणाच्याच हातात चेंडू नसतो. त्यामुळे बचावपटूला हुलकावणीमागे जायला कारणच उरत नाही, आणि शिट्टी वाजल्यावर प्रशिक्षक पाहतात की ज्याचा माणूस होता त्याने त्याला गाठले की नाही. चेंडू न दिसल्याने कोणी जागच्या जागी थबकला, तर तो चेंडूकडे पाहून खेळत होता हे तिथेच उघड होते. क्रिकेटमध्ये गुगली टप्प्यावर पडल्यानंतर नव्हे तर गोलंदाजाच्या हातातून वाचावी लागते, तसेच इथे लाइनबॅकरला क्वार्टरबॅकच्या हालचालीपेक्षा समोरच्या आघाडीच्या रांगेतील गार्डच्या आणि ए-बॅकच्या पहिल्या पावलावरून खेळी ओळखायला शिकवले जाते.

या सरावाची मर्यादाही तितकीच ठळक आहे. राखीव खेळाडूंनी ही पद्धत ऑगस्टमध्येच शिकलेली असते, तर समोरच्या संघातील वरिष्ठ खेळाडू ती वर्षानुवर्षे खेळत आलेले असतात. पहिल्या दहा मिनिटांत बचावफळी गोंधळलेली दिसते ती बहुतेक वेळा या वेगातील फरकामुळे. सावरायला एक-दोन ताबे लागले तर चाहत्यांनी लगेच हताश होऊ नये.

आमचे खेळाडू वजनाने कितीतरी मोठे आहेत, मग भीती कसली?

वजनाचा फायदा समोरासमोरच्या झुंजीत मिळतो, आणि ऑप्शन शक्यतो तशी झुंज टाळतेच. तुमच्या सर्वांत बलवान बचावपटूलाच बऱ्याचदा न अडवता सोडले जाते, म्हणजे त्याची ताकद वाया जाते आणि उरतो तो त्याचा निर्णय. २००९मध्ये कोलंबसला ओहायो स्टेटच्या एका बलाढ्य संघाला नेव्हीने याच मार्गाने अखेरपर्यंत झुंजवले. मोठ्या संघाला वजनाचा खरा लाभ मिळतो तो चौथ्या सत्रात आणि आक्रमणाच्या बाजूने: नेव्हीच्या हलक्या बचावफळीवर सतत धावून गेल्यास ती थकते.

आमचा संघ पन्नास गुण करील असे सगळे म्हणतात. ते शक्य आहे का?

शक्य आहे, पण त्यावर पैज लावू नये. ऑप्शन संघ जवळजवळ प्रत्येक खेळीत धावतो, घड्याळ चालू राहते, आणि चौथ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतील शेवटच्या प्रयत्नात) एक-दोन यार्ड हवे असतील तर बहुधा पंट न मारता, म्हणजे लाथेने चेंडू दूर न धाडता, पुन्हा धावतो. एरवी संघाला साधारण बारा-तेरा वेळा चेंडूचा ताबा मिळतो, तर अशा सामन्यात आठ-नऊ वेळाच मिळू शकतो. २०१८मध्ये आर्मीने ओक्लाहोमाविरुद्ध चेंडू तब्बल ४४ मिनिटे ४१ सेकंद स्वतःकडे ठेवला. म्हणजे कायलर मरीसारखा क्वार्टरबॅक असलेल्या आक्रमणाला नियमित वेळेत जेमतेम पाव तास मिळाला, आणि ओक्लाहोमाला २८-२१ अशा विजयासाठी जादा डावापर्यंत जावे लागले. त्यात २०२३पासून नियम बदलला आहे. दहा यार्ड पूर्ण करून नवा पहिला डाउन मिळाल्यावर घड्याळ आता थांबत नाही, फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबते. याचा फायदा चेंडू धरून ठेवणाऱ्या संघालाच होतो.

यामुळे तुमच्या संघाच्या आक्रमणावर एक विचित्र ताण येतो. तीन खेळींत पंट मारण्याची वेळ आली की पुढची सात-आठ मिनिटे साइडलाइनवर बसून काढावी लागतात. माझ्या मते ऑप्शनविरुद्धचा सर्वोत्तम बचाव म्हणजे आपल्या आक्रमणाने पहिल्या दोन ताब्यांत टचडाउन करणे. दोन टचडाउननी मागे पडलेल्या ऑप्शन संघाला पासकडे वळावे लागते आणि ते त्याचे बलस्थान नव्हे.

धावून तीनशे-चारशे यार्ड दिले म्हणजे बचावफळी नापास झाली असे समजावे का?

नाही, आणि चाहत्यांचा सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. टेनेसीने २०१७च्या त्या सामन्यात जॉर्जिया टेकला धावून ५३५ यार्ड दिले आणि तरीही सामना जिंकला. ओहायो स्टेटने २०१४मध्ये बाल्टिमोरला नेव्हीला ३७० यार्ड दिले, मध्यंतराला ते ७-६ असे मागेही होते, पण अखेरीस ३४-१७ असे जिंकले. तिसऱ्या सत्रात निसटलेला चेंडू उचलून डॅरन ली ६१ यार्ड पळत गेला आणि टचडाउन केला, तिथे सामन्याचे पारडे फिरले.

म्हणून एकूण यार्डांऐवजी तीन गोष्टी मोजाव्यात. पहिल्या डाउनला समोरच्या संघाला किती यार्ड मिळतात? चार किंवा अधिक मिळत असतील तर तो दिवसभर चालत राहील, दोनपेक्षा कमी मिळत असतील तर त्याची गाडी अडते. वीस यार्डांहून लांब किती खेळी गेल्या? आणि चेंडू किती वेळा जमिनीवर पडला? यांतील तिसरी गोष्ट बऱ्याचदा निकाल ठरवते.

हे संघ पास टाकतच नाहीत, मग मागच्या बचावपटूंना काय काम?

सर्वांत जोखमीचे काम त्यांचेच असते. कॉर्नरबॅक आणि सेफ्टी चाळीस खेळी धाव अडवायला पुढे येतात, एकेचाळिसाव्या खेळीत तोच ए-बॅक अडवण्याचे सोंग करून सरळ त्यांच्या मागे निघून जातो. २००९मध्ये ओहायो स्टेट चौथ्या सत्रात २९-१४ असे पुढे होते आणि प्रेक्षक निर्धास्त होते. नेव्हीच्या रिकी डॉब्सने मार्कस करीला दिलेल्या एकाच पासवर ८५ यार्डांचा टचडाउन झाला, थोड्या वेळाने डॉब्स स्वतः धावून गेला, आणि गुणफलक २९-२७ असा झाला. बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न झाला तेव्हा लाइनबॅकर ब्रायन रोलने डॉब्सचा पास हवेतच अडवून घेतला आणि संपूर्ण मैदान पार करून उलट आपल्याच संघाला दोन गुण मिळवून दिले. सामना ३१-२७ असा संपला.

जॉर्जिया सदर्नने मात्र २०१३मध्ये फ्लोरिडाला २६-२० असे हरवताना एकही पास पूर्ण केला नव्हता. दोन्ही शक्यता मनात धरूनच मागच्या फळीला उभे राहावे लागते.

कमरेखाली अडवणे नियमात बसते का? आमच्या खेळाडूंना दुखापत होण्याची भीती वाटते.

ही चिंता खरी आहे आणि ती बोलून दाखवण्यात काही गैर नाही. हलके खेळाडू जड बचावपटूच्या मांड्यांवर किंवा गुडघ्यांवर झेपावून त्याला पाडतात, त्याला कट ब्लॉक म्हणतात. २०२२पासून ही मुभा फक्त आघाडीच्या रांगेतील खेळाडूंना आणि स्थिर उभ्या असलेल्या बॅकना, तीही रांगेतील टॅकल नावाच्या दोन खेळाडूंमधल्या मर्यादित चौकटीत, उरली आहे. मैदानाच्या उघड्या भागात पूर्वी ए-बॅक कॉर्नरबॅकचे पाय काढत असत, ते आता चालत नाही. या बदलाने ऑप्शनची बाहेरची धाव अवघड झाली, आणि अकादम्यांच्या प्रशिक्षकांना आपल्या रचना बदलाव्या लागल्या. बचावपटूंना मात्र अजूनही हात खाली ठेवून, झेपावणाऱ्याचे खांदे दाबून पाय मोकळे ठेवण्याचा सराव ऑगस्टभर करावा लागतो.

आज सगळे ऑप्शन संघ सारखेच खेळतात का?

नाही. आर्मीने २०२३मध्ये क्वार्टरबॅकला मागे उभे करून पाहिले, ते फारसे जमले नाही, आणि २०२४मध्ये जुन्या रचनेकडे परतून १२ सामने जिंकत आपल्या परिषदेचे (संघांच्या गटाचे) विजेतेपद मिळवले. नेव्हीने त्याच वर्षी नव्या आक्रमण-प्रशिक्षकांच्या हाताखाली विंग-टी ही धावेवर आधारित जुनी रचना आणि पास यांची सांगड घातली आणि १० विजय मिळवले. जुन्या चित्रफिती पाहून तयारी करणाऱ्या चाहत्याने हा फरक ध्यानात घ्यावा.

सामना पाहताना नजर कुठे ठेवावी आणि स्टेडियममध्ये कुठे बसावे?

चेंडूवर ठेवू नये. पहिल्या काही खेळींत फक्त बी-बॅककडे पाहावे. तो चेंडूविना पळत असतानाही दर वेळी कोणी ना कोणी त्याला पाडत असेल, तर बचावफळी आपले काम जाणते. तो मोकळा निसटून पुढे जात असेल, तर लवकरच मधून मोठी धाव निघणार हे निश्चित समजावे. त्यानंतर ज्या बाजूला खेळी चालली आहे तिच्या विरुद्ध बाजूच्या बचावपटूकडे पाहावे. तो घाईने चेंडूमागे धावला की उलट दिशेची खेळी त्याच्यासाठीच राखून ठेवलेली असते.

बसण्यासाठी पन्नास यार्डांवरच्या महागड्या जागांपेक्षा एंड झोनमागच्या, म्हणजे मैदानाच्या टोकांमागच्या, वरच्या रांगा मला या सामन्यासाठी अधिक पसंत आहेत. बाजूने पाहिल्यास सगळे खेळाडू एकमेकांआड जातात, तर मागून आणि उंचावरून पाहिल्यास कोणाला मोकळे सोडले आहे, फट कुठे पडली आणि कोण जागेवर राहिला हे स्पष्ट दिसते. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांनी कॅमेरा फसला तर चिडू नये, कारण चांगल्या ऑप्शनपुढे कॅमेरामनही बी-बॅकमागे जातो.

पहिल्या सामन्यावरून पुढच्या मोसमाचा अंदाज बांधावा का?

आक्रमणाविषयी थोडाफार बांधता येतो, बचावफळीविषयी जवळजवळ नाही, कारण तिने जे नियम पाळले ते पुढच्या शनिवारी कामाचे नसतात. पुढचा प्रतिस्पर्धी चाळीस वेळा पास टाकणारा असेल तर बचावपटूंना पुन्हा जुन्या सवयींकडे वळायला आठवडाच मिळतो, आणि वारंवार कट ब्लॉक झेललेले पायही तोवर दुखत असतात. ओहायो स्टेटने २०१४मध्ये नेव्हीला हरवले, पुढच्याच शनिवारी घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ असा पराभव पत्करला, आणि त्या मोसमाच्या शेवटी राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. जे. टी. बॅरेट नेव्हीविरुद्ध प्रथमच सुरुवातीपासून खेळला होता. पहिल्या दोन सामन्यांनंतर त्याच्याविषयी जे बोलले गेले, त्यातले डिसेंबरपर्यंत फारसे काही टिकले नाही.